गिरगावात कोण कुठे राहायचं? वाडीसकट सांगा

तिसरा मजला:

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या. दिवाळी झाली की खोल्या रिकाम्या करायच्यात. कुणी मालाडला चाललंय, कुणी विरारला, आम्ही डोंबिवलीला मुलीच्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदाच मी गिरगावाबाहेर झोपणार आहे.

गेल्या रविवारी पोटमाळा आवरत होतो. पुतण्याचा मुलगा मदतीला आला होता, तेरा वर्षांचा आहे. पितळी डबे खाली देता देता त्याने विचारलं, "आजोबा, गिरगावात कोणी फेमस राहायचं का?" मी तिथेच शिडीवर बसून सुरू झालो. नाना शंकरशेट, विजय तेंडुलकर, राजेश खन्ना, जितेंद्र... दहाएक नावं घेतली. तो म्हणाला, "चला, दाखवा."

निघालो. केशवजी नाईकांच्या चाळी दाखवल्या. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला, १८९३ साली, आणि १९०१ मध्ये टिळक स्वतः इथे आले होते, हे सांगितलं. तो चौकात उभा राहून चारी बाजूंच्या गॅलऱ्या न्याहाळत होता. मूर्ती अजून तेवढीच लहान असते, हे त्याला विशेष वाटलं. तिथून मॅजेस्टिक सिनेमाच्या जागी नेलं. हिंदुस्थानातला पहिला बोलपट, 'आलम आरा', १४ मार्च १९३१ रोजी इथे लागला होता. तो म्हणाला, "कुठे?" मी दुकानांच्या गाळ्यांकडे बोट केलं. पुढच्या नावांना तर बोट करायलाही काही नव्हतं. "या बाजूला कुठेतरी", "इथेच असेल", असं मी चार वेळा म्हणालो तेव्हा पोरगं गप्प झालं. मला फार लागलं ते.

दहा नावं घेतली आणि जागा दाखवता आल्या चार. म्हणून हा धागा. नावांची यादी कुणीही करेल, ती मला नको आहे. मला वाडी हवी, चाळ हवी, जमलं तर मजला, आणि आज तिथे काय आहे तेही. तेंडुलकर गिरगावात जन्मले ते १९२८ साली. वडील कारकुनी करून छोटासा प्रकाशनाचा धंदा सांभाळत. घरात पुस्तकं होती, पण जागा चाळीतली. भिंतीपलीकडचं भांडण ऐकत मोठा झालेला मुलगा पुढे माणसांच्या तोंडी तसं बोलणं घालू शकला, हे मला त्या जिन्यात उभं राहूनच पटतं. नुसतं 'थोर नाटककार' लिहिल्याने ते समजत नाही.

एक विनंती. खात्रीचं तेवढंच लिहा. "आमच्या आजीच्या शेजारी अमुक राहायचे" असल्या गोष्टींनी व्हॉट्सॲप भरलंय.

सुरुवात मीच करतो. नाना शंकरशेट, जन्म १८०३, मृत्यू ३१ जुलै १८६५. मुलींच्या शिक्षणाचं नाव काढलं तरी लोक अंगावर येत त्या काळात, १८४९ च्या सुमारास, मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात जागा दिली. नुसती वर्गणी देऊन ते थांबले नाहीत, स्वतःच्या घराचं दार उघडलं. पुढे रेल्वे आली त्यातही ते होते. आज त्यांच्या नावाने नाना चौक आहे, दिवसाला हजारो माणसं तिथून जातात, आणि हा नाना कोण, हे विचारलं तर दहातल्या दोघांना सांगता येईल.

ठाकूरद्वार नाका:

राजेश खन्नाचा पत्ता पक्का आहे. ठाकूरद्वारचं सरस्वती निवास. आणि जितेंद्र, म्हणजे तेव्हाचा रवी कपूर, गिरगावातल्याच चाळीत वाढला. दोघेही सेंट सेबॅस्टियन गोअन हायस्कूलचे विद्यार्थी, म्हणजे शाळेपासूनची ओळख. रवीला पहिल्यांदा चाचणीसाठी बोलावलं तेव्हा संवाद कसे म्हणायचे ते जतिनने, म्हणजे राजेश खन्नाने शिकवलं. जितेंद्र पुढे कितीही मोठे झाले तरी आपण चाळीतले आहोत हे त्यांनी मुलाखतींतून कधी लपवलं नाही.

चर्नी रोड पश्चिम:

सिनेमाचा विषय निघालाच आहे, तर फाळक्यांचं नीट सांगू द्या, कारण लोक त्यांना नाशिक आणि दादरमध्ये वाटून टाकतात आणि गिरगाव विसरतात.

इथे अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन तिथे गेले आणि पडद्यावर प्राणी हलताना पाहिले. मुलाने घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. इस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहताना आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो गिरगावातल्या खुर्चीत. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तोही गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये. आणि अठरा वर्षांनी बोलपट मॅजेस्टिकमध्ये. मूकपटही इथला, बोलपटही इथला, चालत गेलं तर मध्ये फार अंतर नाही.

सरस्वतीबाईंचं नाव मुद्दाम घेतलं. दागिने त्यांचे गेले. पहिल्या चित्रपटाच्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री फिल्म धुण्याच्या कामाला हात लावला. त्यांच्याविना हे झालंच नसतं.

मॅजेस्टिक सिनेमाच्या वळचणीला केशवराव कोठावळ्यांनी १९४२ मध्ये पुस्तकांचं छोटं दुकान थाटलं. सिनेमाचं नाव दुकानाला मिळालं आणि दुकानाचं नाव पुढे प्रकाशनाला. आज सिनेमा नाही, नाव मात्र पुस्तकांच्या पाठीवर टिकलंय.

पेडर रोडवाला:

पु. ल. देशपांडे विसरलात! जन्म गावदेवीचा, ८ नोव्हेंबर १९१९.

ठाकूरद्वार नाका:

गावदेवी म्हणजे गिरगाव नव्हे. त्या हिशोबाने मग मणिभवनही आपलंच, आणि गांधीजीही गिरगावकर.

तिसरा मजला:

भांडू नका. माझ्या लहानपणी गिरगाव म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटपासून ऑपेरा हाउसपर्यंत आणि रुळांपासून व्ही. पी. रोडपर्यंत. पण सांगितलं जायचं ते "गिरगावात जाऊन येतो" असंच, मग माणूस चिराबाजारला जावो की गावदेवीला. लागून असेल ते चालेल. फक्त कुठलं ते नाव घालून लिहा.

फणसवाडीची लेक:

काका, तुमच्या दहा नावांत एकही बाई नव्हती, हे वाचताना खटकलं. सरस्वतीबाईही दुसऱ्या प्रतिसादात आल्या त्या नवऱ्याच्या पाठोपाठ. म्हणून सविस्तर लिहिते.

रखमाबाई. जन्म १८६४. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, गिरगावात राहणारे. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला आणि १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये तो फिरला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी सांगितलं, तुरुंग चालेल. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, वडील वारलेले, वर्तमानपत्रं दोन्ही बाजूंनी तुटून पडलेली, टिळकांसारखा माणूस विरोधात. त्या घरातून बाहेर पडताना गल्लीतल्या किती नजरा अंगावर येत असतील, याचा मी खूपदा विचार करते, कारण आमच्या वाडीत साध्या ड्रेसवरूनही नजरा यायच्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. संमतिवयाचा कायदा झाला त्यामागे हा खटला होता. गिरगावातल्या किती शाळांत हे शिकवतात?

पंडिता रमाबाई. ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू झालं ते चौपाटीजवळ. पहिल्या विद्यार्थिनींमधली गोदूबाई, बालविधवा. तिचे भाऊ नरहरपंत जोशी आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र, मुंबईत एकाच बिऱ्हाडात राहिलेले. पुढे १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशीच पुनर्विवाह केला. आपण 'अण्णा कर्वे, हिंगणे' म्हणतो. त्या सगळ्याचं मूळ आपल्या चौपाटीच्या वाऱ्यात आहे.

आणि आता पापड. १५ मार्च १९५९. गिरगावातलं लोहाणा निवास. सात गुजराती बायका गच्चीवर जमल्या आणि ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. तेच लिज्जत. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. माझी आई पुढे अनेक वर्षं लिज्जतचे पापड लाटायची. सकाळी लाटीचं पीठ आणायचं, दुपारी गॅलरीत पालथ्या टोपलीवर पापड वाळत घालायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे आणि पैसे हातात. आमच्या शाळेची फी त्यातून गेली. तिच्या बोटांच्या पेरांना तेलाचा आणि हिंगाचा वास कायमचा होता. गिरगावातली सगळ्यांत जास्त देशभर पोचलेली माणसं कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्या सात जणींकडे बोट दाखवीन. आणि लोहाणा निवास हा पत्ता पक्का आहे, काका. नातवाला तिथे न्या.

तिसरा मजला:

ताई, चूक मान्य. त्या दिवशी शिडीवर बसून जी नावं तोंडात आली ती सगळी पुरुषांची आली, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लोहाणा निवासला पुढच्या रविवारी जातो.

खटाववाडी:

मी चाळीस वर्षं छपाईच्या धंद्यात काढली, त्यामुळे माझी यादी शाईची आहे. खटाववाडीत मौज प्रकाशन. त्यांचं 'सत्यकथा' मासिक १९८२ पर्यंत निघत होतं तेव्हा महाराष्ट्रातला कुठलाही लिहिणारा तरुण मुंबईत आला की या वाडीचा जिना चढायचा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाला पत्रं लिहीत, पुन्हा लिहून मागत. कथा साभार परत आली तरी सोबतचं पत्र लोक जपून ठेवत. खाली गल्लीत हातगाड्या, टेम्पोचे हॉर्न, आणि वर एका स्वल्पविरामावर अर्धा तास चर्चा चाललेली. मी प्रुफं घेऊन जायचो. टेबलावर प्रूफ ठेवलं की आधी पेन्सिलला टोक काढलं जायचं, मग वाचायला सुरुवात. त्या टोक काढण्याच्या आवाजाने माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आता खुणा होणार आणि छपाईचे खिळे पुन्हा जुळवावे लागणार. पण त्यानेच मला शुद्ध मराठी आलं.

दुसरं नाव डॉ. अ. ना. भालेराव. पेशाने डॉक्टर, पण जीव नाटकात. मराठी रंगभूमी सिनेमाच्या लाटेत बुडत चालली होती तेव्हा १९४० च्या दशकात त्यांनी नाट्यमहोत्सव भरवले, माणसं गोळा केली, पैसा उभा केला. मुंबई मराठी साहित्य संघ ही संस्था १९३५ ची. केळेवाडीत उघड्यावर रंगमंच होता, पक्कं नाट्यगृह झालं १९६४ मध्ये. ते पाहायला डॉक्टर नव्हते. नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, बोर्डावर ठळक आहे, पण आपण सगळे म्हणतो "संघात प्रयोग आहे". इथे नाव लिहिलं असूनही वाचलं जात नाही.

आणि तिसरं, ऑपेरा हाउसजवळ प्रो. बी. आर. देवधरांची संगीतशाळा, १९२५ ची. साधारण अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा बेळगावकडून तिथे शिकायला आणून सोडला. तो कुमार गंधर्व. देवधरांच्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवय्ये येत, बसत, गात, वाद घालत. कुमारांना एका घराण्याच्या कुंपणात राहावं लागलं नाही त्याचं कारण हा पत्ता. तिथेच ते पुढे शिकवू लागले, तिथेच शिकणाऱ्या भानुमतींशी १९४७ मध्ये लग्न झालं, आणि क्षयामुळे देवासला जावं लागलं. कुमारांचं नाव घेतलं की माळवा आठवतो, पण स्वर तयार झाला तो ट्रामच्या खडखडाटात.

नाना चौक:

लताबाईही सुरुवातीच्या वर्षांत आमच्या नाना चौकात राहत होत्या, आई आणि भावंडांसह. ग्रँट रोडहून लोकल पकडून स्टुडिओला जायचं. वडील गेलेले, घर त्यांच्यावर. आमच्या आजोबांच्या पिढीला याचं कौतुक कमी आणि हळहळ जास्त होती.

जिमखाना रोलर:

क्रिकेट कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

एकनाथ सोलकर. पत्ता: पी. जे. हिंदू जिमखाना, मरीन ड्राइव्ह. सभासद म्हणून नाही. वडील तिथले मुख्य माळी, खेळपट्टी करणारे, आणि मैदानाच्या कडेला एका खोलीच्या झोपडीत आईवडील आणि सगळी भावंडं. एकनाथ मोठ्या लोकांच्या सामन्यांत धावफलकाचे आकडे बदलायचा. त्याच मैदानावर तो शिकला. पुढे फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, हेल्मेट नाही, फलंदाजापासून दोन-तीन हातांवर. २७ कसोटींत ५३ झेल. यष्टिरक्षक नसलेल्या माणसाचं हे प्रमाण आहे. १९७१ ला ओव्हलवर ॲलन नॉटचा झेल त्याने ज्या तऱ्हेने झेप घेऊन टिपला, तो फोटो आमच्या वाडीत वर्षानुवर्षं एका सलूनमध्ये लावलेला होता. इंग्लंड १०१ ला गडगडलं, चंद्रशेखरने सहा काढले, आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकलो.

माझे वडील चर्नी रोडच्या पुलावरून रोज संध्याकाळी जिमखान्याच्या कुंपणापाशी उभे राहायचे. ते म्हणायचे, जमिनीजवळचा झेल त्याला जमतो कारण तो जमिनीवर वाढलाय, गवत कापलेलं किती आहे हे त्याला बघावं लागत नाही. मला ते लहानपणी कळलं नाही. आता मैदानावर रोलर फिरताना दिसला की कळतं. सोलकर २००५ मध्ये गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. त्याच्या खोलीची जागा रोलर ठेवतात त्याच्या आसपासच शोधायची, क्लबहाउसच्या जिन्यात नाही.

खोताच्या वाडीचा शेजारी:

खोताच्या वाडीचं सांगतो. नाव पडलं ते वामनराव खोत या पाठारे प्रभू जमीनदारावरून. त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा विकल्या आणि लाकडी जिन्यांची, बाहेरून वर चढायच्या पायऱ्यांची ती घरं झाली. एकेकाळी ६५ घरं होती, आता तिशीच्या आत आली आहेत. फॅशनच्या दुनियेतले जेम्स फरेरा याच वाडीतले. नाव मोठं झाल्यावरही ते वाडी सोडून गेले नाहीत, उलट घरं वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं बोलत राहिले. नाताळात त्या गल्लीत कंदील लागतात ते पाहायला आता लांबून लोक येतात आणि फोटो काढून जातात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दरवाजा उघडा ठेवता येत नाही एवढी गर्दी होते. येणाऱ्यांनी थोडं हळू बोलावं, एवढंच.

तिथलं अनंताश्रम किती जणांना आठवतं? लाकडी बाकं, संगमरवरी टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेला त्या दिवसाचा मासा. वाढणारा माणूस बोलत नसे. साहित्य संघात तालीम असली की नटमंडळी दुपारी तिथे जेवत. बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. अजून दुपारी एक वाजता तिथून गेलो की तिरफळाचा वास येतो असं मला वाटतं.

व्ही. पी. रोड:

एक पत्ता माझ्याकडून, नंबरसकट. १०८, गिरगाव बॅक रोड, म्हणजे आताचा व्ही. पी. रोड. १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या आत्मविद्येच्या संस्थेचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट अमेरिकेहून आले ते इथे राहिले. सोसायटीचं हिंदुस्थानातलं पहिलं ठाणं हे, मद्रासचं अड्यार नंतरचं. त्यांचं मासिक ऑक्टोबर १८७९ मध्ये इथूनच निघालं. एक रशियन बाई आणि एक अमेरिकन कर्नल देशी वस्तीत बिऱ्हाड करून राहतात, हे पाहून पोलीस मागावर होते. आणि गिरगावातले लोक जिन्यात चपला काढून संध्याकाळी त्यांच्याशी आत्म्यावर चर्चा करत होते.

कांदेवाडी:

सगळं वाचलं. मनापासून सांगतो, वाईट वाटलं. ही जी नावं आहेत त्यांतली बहुतेक इथून निघून गेली. गेली म्हणून मोठी झाली असं मी म्हणत नाही, पण गेली. नळाला पाणी पहाटे चारला यायचं तेव्हा रांगेत उभी राहणारी, जिन्याचा कठडा तुटला तर वर्गणी काढून लावणारी, मेट्रोच्या खोदकामात भिंतींना तडे गेले तेव्हा रात्री जागून काढणारी माणसं कोण? माझ्या डोळ्यांदेखत गिरगाव-काळबादेवीतल्या कितीतरी इमारती मेट्रोसाठी पाडल्या. आता जमिनीखाली गिरगाव नावाचं चकचकीत स्टेशन आहे. वर राहणाऱ्यांची नावं कुठल्या धाग्यात येणार? थोरांना पाट्या मिळतील. आमच्या आईवडिलांना काय?

तिसरा मजला:

कांदेवाडी, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

आमच्या जिन्याखाली एक लाकडी पाटी आहे. हिरवा रंग, त्यावर पिवळ्या अक्षरांत खोली क्रमांक आणि भाडेकरूचं नाव. अठ्ठेचाळीस ओळी. प्रत्येक जुन्या चाळीत असते तशी. ती मी साठ वर्षं रोज पाहतोय, म्हणजे पाहतच नव्हतो. काल रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो. टॉर्च समोरून मारला तर आताचं नाव दिसतं. बाजूने तिरपा मारला की खालच्या रंगातलं आधीचं नाव उठून येतं. सतरा नंबरला मला तीन नावं दिसली, एकावर एक. सगळ्यांत खालचं मोडीच्या वळणाचं आहे, लागलं नाही.

त्या पाटीवरची माणसं आठवत बसलो. नऊ नंबरचे कंपाउंडर. डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला की रात्री-अपरात्री लोक त्यांना उठवायचे. आमच्या धाकट्या भावाला फिट आली तेव्हा लेंग्यावर धावत आले आणि त्याला कुशीवर वळवून बसून राहिले, तो शुद्धीवर येईपर्यंत. बावीस नंबरच्या आजी, गिरणीत मुलगा गेल्यावर डबे करायला लागल्या, संपाच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या दोन घरांना महिनाभर फुकट डबा दिला आणि कुणाला कळू दिलं नाही. ते आईने मला त्या गेल्यावर सांगितलं. एकतीस नंबरचे पेटीवाले, गणपतीत दहा दिवस आरतीला पेटी त्यांची. भाता फाटलेला होता, एका बाजूला चिकटपट्टी, तरी सूर सोडला नाही. गिरगावात नाही, पण आमच्या वाडीत ही माणसं नाना शंकरशेटांपेक्षा कमी ओळखीची नव्हती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, पाटीचं काय करणार? बिल्डरचा माणूस म्हणाला, लाकूड सामान सगळं तोडणाऱ्या ठेकेदाराचं, करारात आहे. मी म्हटलं, त्याची किंमत सांगा, मी देतो. तो गोंधळला. मग म्हणाला, खोल्या रिकाम्या व्हायच्या आधी काढलीत तर तुमची.

म्हणून आता मागणं बदलतो. थोरांचे पत्ते लिहीत राहा, ते हवेतच. लोहाणा निवास, सरस्वती निवास, १०८ बॅक रोड, जिमखान्याची खोली, एवढं तरी माझ्या नातवाच्या वहीत आता पक्कं झालंय. पण ज्यांची चाळ पडायची आहे त्यांनी आधी आपल्या जिन्याखाली बघा. पाटी असेल तर फोटो काढा, टॉर्च तिरपा धरून. नवीन इमारतीच्या लॉबीत लावता आली तर लावा. आमच्या समितीत सात जणांनी हात वर केले, दोघांनी "जुनाट दिसेल" म्हटलं. लावणार.

रविवारी सकाळी दहा वाजता उतरवतोय. साडेपाच फूट उंच आहे, जड आहे. आठ स्क्रू, सगळे गंजलेले, दोघांची डोकी उडालेली. कुणाकडे ड्रिल असेल तर आणा.

फणसवाडीची लेक:

मी येते. चांगला कॅमेरा आणते, रंग लावलेल्या थरांचे फोटो नीट निघतील. मोडी वाचणारी एक मैत्रीण आहे, तिलाही विचारते.

खटाववाडी:

पुसायला ओलं फडकं लावू नका. पिवळी अक्षरं तेलरंगाची असतील तरी खालचा थर चुन्याचा असू शकतो, सगळं निघून येईल. कोरडा मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने. माझ्याकडे आहे.

कांदेवाडी:

ड्रिल आहे माझ्याकडे, पण ड्रिलने लाकूड फाटेल. शनिवारी रात्री झोपायच्या आधी प्रत्येक स्क्रूच्या भोवती दोन-दोन थेंब तेल सोडून ठेवा. डोकी उडालेल्या दोघांसाठी पकड आणतो, पाटी थोडी पुढे ओढली की मागून धरता येतील. साडेनऊला येतो. सुटली की लगेच उलटी करून बघा. आमची पाडताना मी उशिरा पोचलो होतो, पण तोडणाऱ्या पोराने सांगितलं, मागे रंगाऱ्याने सही करून साल टाकलं होतं.